फौंड्री हाती घेणाऱ्या नातीला

बाळ,

परवा रात्री जेवताना तू मला व्यवस्थापनाचे अभ्यासक जे बार्नी यांचा 1991 चा लेख समजावून सांगितलास. उद्योगाची खरी ताकद ठरणारी साधनं चार गोष्टींवरून ओळखायची: ती उपयोगाची असावीत, सहसा कुणाकडे नसावीत, दुसऱ्याला त्यांची नक्कल जमू नये आणि त्यांच्याऐवजी दुसरं काही वापरून काम भागू नये. तू बोलत होतीस आणि मी मनाने शिरोलीच्या आपल्या शेडमध्ये फिरत होतो. इंडक्शन भट्टी यात बसत नाही. बँकेने कर्ज दिलं की ती कुणाच्याही दारात उभी राहते. शॉट ब्लास्ट, कॉम्प्रेसर, सीएनसी यांचंही तसंच. मग आपल्याकडे बसतं काय? पन्नास वर्षांत मला जे सापडलं ते सांगतो. एक तारखेपासून चेकवर सही तुझी असणार, त्याआधी हे तुझ्या कानावर घातलेलं बरं.

आधी वाळू. रोज सकाळी मिक्सरमधून पडलेली वाळू हातात घे, मूठ आवळ आणि उघड. बोटांचे ठसे स्पष्ट उठले पाहिजेत. मग तो गोळा मधोमध मोड. कडा न ढासळता स्वच्छ तुटला तर ओल बरोबर आहे. हाताला चिकटला तर पाणी जास्त झालंय. ओतताना त्या पाण्याची वाफ धातूत अडकते आणि मशीनिंगला गेलेल्या जॉबमध्ये ब्लो होल निघतात. भुगा होऊन सांडला तर वाळू सुकलीय किंवा बेंटोनाईट कमी पडलंय, साच्याच्या कडा झडणार. लॅबमध्ये ओल मोजतातच, तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास ती असावी लागते. ते मोजणं चालू राहू दे. पण रिपोर्ट टेबलावर येईपर्यंत वीस बॉक्स बांधून झालेले असतात, आणि मालकाने स्वतः वाळूत हात घातला की मिक्सरवरचा माणूसही सावध राहतो.

एवढ्याशा मुठीचं मी इतकं का लावून धरतो, त्याचा हिशेब बघ. एक टन बीड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट वीज जाते. महिन्याला दोनशे टन ओतलं आणि आठ टक्के रिजेक्ट झालं, तर सोळा टन माल परत भट्टीत. तेच चार टक्क्यांवर आणलंस तर आठ टन वाचले, म्हणजे नुसत्या विजेचे 4,800 युनिट. कोअर, मजुरी, फेटलिंग, गिऱ्हाइकाच्या गेटवरून परत आलेल्या मालाचं भाडं आणि खाली घालावी लागलेली मान वेगळी. हल्ली गिऱ्हाइकाचे ऑडिटर येतात, कार्बनचा तक्ता मागतात, सौरऊर्जेचं विचारतात. छतावर पॅनेल जरूर बसव, माझी ना नाही. पण पहिला पैसा रिजेक्शन खाली आणण्यावर घाल. वीज, वाळू आणि नफा तिन्ही एकाच ठिकाणी वाचतात. वापरलेल्या वाळूचे ढीग रस्त्याकडेला टाकायचे दिवस गेले. आपल्या भागात ती वाळू पुन्हा वापरात आणणारा सामायिक प्लांट क्लस्टरमधून उभा राहिला, कारण एकट्याला तो परवडत नव्हता. शेजारच्या फौंड्रीवाल्याशी धंद्यात स्पर्धा कर, पण अशा कामात त्याच्या मांडीला मांडी लावून बस.

आता वही. माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याच्या अकरा वह्या आहेत. प्रत्येक जॉबचं एक पान: गेट कुठून दिलं, रायझर केवढा ठेवला, पहिल्या लॉटला काय बिघडलं, कुणी काय सुचवलं, मग काय जमलं. एका पंपाच्या बॉडीच्या पानावर सात वेळा खाडाखोड आहे. फ्लँजजवळ आकसून पोकळी पडायची, ती सातव्या खेपेला थांबली. तो जॉब आपल्याकडून काढून दोनदा दुसरीकडे दिला गेला आणि दोन्ही वेळा परत आला. किलोमागे दर आपला जास्त होता, तरी परत आला. तू सांगितलेल्या लेखात नक्कल न जमणारं साधन म्हणतात ते हेच असावं. या वह्या कॉम्प्युटरवर चढव, फोटो जोड, पण एक कर: पान मोल्डरला वाचून दाखवल्याशिवाय बंद करू नकोस. निम्म्या गोष्टी त्याच्या हातात असतात, त्या कागदावर आलेल्याच नसतात.

धंदा कुठे न्यायचा याबद्दल आपल्या कोल्हापूरचा इतिहासच पुरेसा आहे. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड यायचं अडलं तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगर ओतायला दिल्या, ही गोष्ट तू शाळेत ऐकली असशील. मी 1971 साली उद्यमनगरात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा गल्लोगल्ली ऑइल इंजिनं बनत होती. नदीवरून उसाला पाणी उचलायचं तर इंजिन हवं, आणि ते कोल्हापूरचं हवं, अशी ख्याती होती. मग खेडोपाडी वीज गेली, शेतकऱ्याने इलेक्ट्रिक मोटार बसवली आणि इंजिनाची मागणी ओसरत गेली. ‘आम्ही इंजिनवाले’ म्हणून जे बसून राहिले त्यांच्या शेडला कुलूप लागलं. ‘आम्हाला ओतता येतं’ हे ज्यांनी ओळखलं ते ट्रक-ट्रॅक्टरच्या कास्टिंगकडे वळले, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे जे उभं आहे ते बरंचसं त्यांनी केलंय. भट्ट्या दोघांकडेही होत्या, मोल्डरही होते.

तीच वेळ तुझ्यावर येतेय. विजेच्या गाडीत इंजिन नाही. म्हणून आपल्या जॉब रजिस्टरमध्ये लाल पेन घेऊन बस. फ्लायव्हील हाऊसिंग, मॅनिफोल्ड, सिलिंडर हेड असे इंजिनाशी बांधलेले जॉब लाल कर. ब्रेक ड्रम, हब, व्हॉल्व्ह बॉडी, पंप हे तसेच ठेव. लाल जॉब आज भरपूर पैसे देतायत, ते सोडू नकोस. पण त्यांच्यासाठी नवं यंत्र घेऊ नकोस. त्यांच्या नफ्यातून दुसऱ्या बाजूचे पॅटर्न बनव, नमुने ओतून पाठव, नकार खा. नवं गिऱ्हाईक हाती लागायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, म्हणून काम भरपूर असतानाच ही धडपड करायची.

माझी मोठी चूक तुला अर्धवट माहीत आहे, आज पूर्ण सांगतो. 2018 मध्ये गाड्यांचा बाजार जोरात होता. आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाने सांगितलं, वर्षभरात माल दुप्पट लागेल, तयारी ठेवा. तोंडीच. मी कर्ज काढून दुसरी भट्टी आणि मोल्डिंग लाइन घेतली. कर्जाच्या कागदावर तुझ्या आजीची सही घेताना ती म्हणाली, “लिहून दिलंय का त्यांनी?” मी हसण्यावारी नेलं. 2019 मध्ये बाजार पडला. ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. माल बाहेर जाईना, भंगार आत येईना. त्यातून उठतोय तोवर मार्च 2020 ची टाळेबंदी. नवी भट्टी ताडपत्रीखाली होती आणि हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला जात होता. शेवटी लाइन निम्म्या किमतीत विकली.

तरी आपण बुडालो नाही. भंगारवाल्याचे पैसे मी आयुष्यात कधी थकवले नव्हते, त्याने त्या दिवसांत चार महिने उधार माल दिला. मोल्डरना टाळेबंदीत दोन महिने अर्धा पगार घरी पोचवला. काम सुरू झालं तेव्हा सगळे हजर झाले, आणि माणसांअभावी बंद पडलेल्या शेडमधलं काम आपल्याकडे आलं. व्हॉल्व्हचं एक छोटं गिऱ्हाईक, ज्याला मी वर्षानुवर्षं दुय्यम मानत होतो, त्याने भट्टी पेटती ठेवली. त्यानंतर घरात ठरलं: एका गिऱ्हाइकाकडून एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि लेखी शेड्यूल हातात पडल्याशिवाय यंत्राचं कोटेशनसुद्धा मागवायचं नाही. हे मोडू नकोस. मोडायची वेळ आली तर आजीला विचार.

पैशाचं थोडक्यात. उद्यम नोंदणीचा नंबर प्रत्येक बिलावर छापलेला असू दे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. पुढे व्याज लागतं. आणि 1 एप्रिल 2024 पासून आयकराचा नियम असा आहे की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीपलीकडे थकवले तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला तो खर्च दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सला फोन करून याची नम्रपणे आठवण करून दे, आवाज चढवायची गरज पडत नाही. अडचण असेल तर बिल ट्रेड्स (TReDS) या ऑनलाइन व्यवस्थेवर वटव, पण बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटमधून यंत्र घेऊ नकोस. ते पैसे भंगार, पगार आणि वीजबिलाचे आहेत. विजेचं दरपत्रक बदललं की स्वतः वाच. सवलतीचे तास बदलतात, आणि भट्टी कोणत्या पाळीत लावायची हे त्यावर ठरतं.

तू रोबो पोअरिंगचं म्हणतेयस. घे, पुढच्या वर्षी बघू. पण त्याआधी आपल्या सर्वांत जुन्या मोल्डरमामांच्या हाताखाली दोन पोरं लाव, उद्याच लाव, आणि त्यांना पूर्ण पगार दे. मामांनी मला परवा सांगितलं, दिवाळीनंतर ते यायचे थांबणार आहेत.

तुझे
आबा