थायलंडचं ऑनलाइन कार्ड: आईचं मीच भरू का?

प्रश्न: आई आणि मावशी पहिल्यांदाच परदेशी चालल्या आहेत, बँकॉक आणि पट्टायाला. एजंट म्हणतो, तिकडे उतरण्यापूर्वी ऑनलाइन कार्ड भरावं लागतं आणि त्याची ‘सरकारी फी’ माणशी वेगळी. हे कार्ड खरंच लागतं का? पासपोर्टची माहिती विमान कंपनीकडे असतेच, मग तीच पुन्हा कशाला मागतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर: कार्ड लागतं. फी मात्र एक पैसाही नाही. पूर्वी ‘टीएम-६’ नावाचा कागद विमानातच वाटत आणि मांडीवर पासपोर्ट ठेवून तो भरावा लागे. त्याच्या जागी १ मे २०२५ पासून थायलंडने डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे टीडीएसी, सक्तीचं केलं. विमानाने या, बोटीने या की रस्त्याने, थाई नागरिक सोडून सगळ्यांना ते भरावं लागतं, लहान मुलांचंसुद्धा. एजंटने स्वतःच्या कामाचे पैसे उघडपणे मागितले तर तो व्यवहार झाला. त्याला ‘सरकारी फी’ म्हणणं ही फसवणूक आहे, तसं त्याला स्पष्ट सांगा.

आता तुमची दुसरी शंका. विमान कंपनी नाव, पासपोर्ट क्रमांक आणि उड्डाणाचा तपशील पुढे पाठवते, हे खरं. पण तुम्ही कुठे उतरणार, कशासाठी आलात, व्यवसाय काय, गेल्या दोन आठवड्यांत कोणकोणत्या देशांत जाऊन आलात, हे तिला ठाऊक नसतं. थायलंडला तेच हवं असतं. परदेशी पाहुणा कुठे राहतो याबद्दल तो देश फार काटेकोर आहे. तिथल्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे हॉटेलवाल्यालाही पाहुणा आल्यापासून चोवीस तासांत कळवावं लागतं. देशांची यादी रोगांसाठी. पीतज्वर असलेल्या देशातून आलेल्या प्रवाशाकडे लसीचा दाखला मागतात.

फॉर्म तुम्हीच भरा, आई आणि मावशींना शेजारी बसवून. वेळ थोडाच लागतो, शिवाय आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्यांना माहीत असलं, तर खिडकीपाशी अधिकाऱ्याने काही विचारलं तरी त्या गोंधळणार नाहीत. पहिल्या परदेश प्रवासात ज्येष्ठांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती त्या खिडकीची.

नाव लिहिताना आधार कार्ड बाजूला ठेवा आणि पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाशी छापलेल्या दोन ओळी बघा. विमानतळावरचं यंत्र त्याच वाचतं. वरच्या ओळीत ‘आयएनडी’ या अक्षरांनंतर आधी आडनाव येतं, मग बाणाच्या टोकासारखी दोन चिन्हं, त्यानंतर नाव. आपल्याकडे नावापाठोपाठ वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते या दोन चिन्हांच्या पुढच्या भागात येतं. फॉर्मवरही ते त्याच बाजूला हवं, आडनावाच्या रकान्यात नको. पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर फॉर्मवरही माहेरचंच. पासपोर्ट क्रमांकात पहिलं एक अक्षर आणि पुढे सात आकडे असतात, म्हणजे पुढे गोल दिसेल ते शून्यच, ‘ओ’ नव्हे. हे नीट तपासूनच ‘सबमिट’ दाबा. हॉटेल किंवा विमान बदललं तर नंतर दुरुस्ती करता येते. नाव, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व किंवा जन्मतारीख चुकली तर कार्ड नव्यानेच भरावं लागतं.

दुसरी चूक तारखेची होते. मुंबईहून रात्री अकराला सुटलेलं विमान बँकॉकला दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचतं आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं. कार्डावर उतरण्याची तारीख घालायची, निघण्याची नाही. फॉर्म भरण्याची मुदतही त्याच तारखेवरून मोजायची, त्याआधीच्या तीन दिवसांत.

पत्त्याच्या रकान्यात प्रांत विचारतात तेव्हा यादीत पट्टाया सापडणार नाही, कारण तो प्रांत नव्हे, शहर आहे. प्रांत चोनबुरी निवडा, जिल्हा बांग लामुंग. पण तुमच्या मंडळींचा पहिला मुक्काम बँकॉकला असेल, तर बँकॉकच्या हॉटेलचाच पत्ता द्या.

सर्वांत महत्त्वाचं, संकेतस्थळ खरं आहे ना ते बघा. गूगलवर शोधलं की जाहिरातींमध्ये हुबेहूब सरकारी दिसणारी, डॉलरमध्ये पैसे मागणारी संकेतस्थळं वर येतात. पैसे जातात ते जातात, पण आईच्या पासपोर्टचा सगळा तपशील अनोळखी माणसांच्या हाती पडतो, याची मला जास्त काळजी वाटते. खरा पत्ता ‘टीडीएसी डॉट इमिग्रेशन डॉट जीओ डॉट टीएच’ असा आहे. शेवटचं ‘जीओ डॉट टीएच’ हे थाई सरकारी खात्यांचं. ईमेल एजंटचा नको, तुमचा द्या. क्यूआर कोड त्यावरच येतो. तो फोनमध्ये ठेवाच, पण दोघींच्या पर्समध्ये कागदावर छापूनही द्या. ऐन वेळी वायफाय मिळत नाही आणि फोनची बॅटरी उतरलेली असते.

प्रश्न: हे कार्ड म्हणजेच व्हिसा का? आम्ही बँकॉकहून पुढे सिंगापूरलाही जाणार आहोत. तिथेही हेच चालेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: दोन्हींचं उत्तर नाही. व्हिसाचा नियम वेगळा, तो तिकीट काढण्यापूर्वीच पाहून घ्यावा. थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतीय पर्यटकांना साठ दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली, पण अशा सवलती बदलत असतात. कार्ड भरलं म्हणून प्रवेश नक्की असंही नाही, तो निर्णय खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याचा.

सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड वेगळं भरावं लागतं. तेही फुकट आणि पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांत. तिथे भारतीयांना व्हिसाही लागतो, तो मुंबईतूनच घेऊन निघा. सिंगापूरचं कार्ड मात्र बँकॉकच्या हॉटेलात बसून भरता येईल. आणि परतीचा प्रवास पुन्हा बँकॉकला उतरून, इमिग्रेशन ओलांडून असेल, तर टीडीएसी दुसऱ्यांदा भरावं लागेल. एक कार्ड एकाच प्रवेशापुरतं असतं.