सात हजारांचा लायटर आणि तेंदूची फळी

२०१८ च्या दिवाळीत नागपूरला सीताबर्डीवर मी सात हजार दोनशे रुपये मोजून एक लायटर घेतला. तीन ज्योतींचा, गॅसवर चालणारा, हातात घेतला की वजन जाणवणारा. माझं काम तेंदूपानाच्या धंद्यात हिशेब ठेवण्याचं. घर चंद्रपूरला, पण एप्रिल उजाडला की बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली-एटापल्लीकडे जायचं आणि हंगाम उरकेपर्यंत फळ्यांवर मुक्काम ठोकायचा. त्या वर्षी एका व्यापाऱ्याने खुशीने सिगारची पेटी भेट दिली. आठवड्यातून एक सिगार ओढायची सवय लागली आणि सिगारला साजेसा लायटर हवा असं मनाने घेतलं. दुकानदार म्हणाला, वाऱ्यात विझणार नाही, आयुष्यभर टिकेल. मी विश्वास ठेवला.

आज दोन-तीन ओळखीची मंडळी मला विचारतात, कुणाला साठीला, कुणाला निवृत्तीला असा लायटर भेट द्यावा का. त्यांच्यासाठी आणि असाच मोह पडलेल्या इतरांसाठी हे लिहितो आहे. पैशाचा भाग सांगेनच, पण मला खरं सांगायचं आहे ते पैशाचं नाही.

आधी या यंत्राची जात समजून घ्या. लायटरमधला ब्यूटेन वायू शून्य अंशाच्या आसपासच उकळतो. टाकीत तो द्रवरूपात राहतो तो केवळ दाबामुळे. वीस अंशाला जेवढा दाब असतो, त्याच्या दुपटीहून जास्त दाब सत्तेचाळीस अंशाला होतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा सहज सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर त्याहून कितीतरी वर. माझा लायटर गाडीच्या पुढच्या कप्प्यात असायचा. पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या तळाच्या झडपेचं रबर सैल झालं आणि भरलेला गॅस दोन दिवसांत उडून जाऊ लागला. गाडीचं दार उघडलं की वास यायचा. त्या वासात कुणी काडी ओढली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी तेव्हा केला नाही. तुम्ही करा. लायटर महागाचा असो की दहा रुपयांचा, उन्हाळ्यात गाडीत ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट गॅसची. तीन ज्योतींच्या लायटरची छिद्रं सुईच्या टोकाएवढी. त्यांना शुद्ध गॅस लागतो. आपल्याकडे पानठेल्यावर नाही तर जनरल स्टोअर्समध्ये जो डबा मिळतो त्यात तेलकट अंश असतो, तो छिद्रांत बसतो. सहा महिन्यांत तीनपैकी एक ज्योत बंद पडली, दुसरी तिरकी झाली. पावसाळ्यात ठिणगीच पडेना. या लायटरात चकमकीचा खडा नसतो, बटण दाबलं की एक छोटी हातोडी स्फटिकावर आपटते आणि विजेची ठिणगी उडते. आलापल्लीच्या श्रावणातल्या ओल्या हवेत ती ठिणगी गॅसपर्यंत पोचण्याआधीच विरून जायची. चंद्रपुरात, गडचिरोलीत हा लायटर उघडून पाहणारा एकही कारागीर मला सापडला नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने हातात घेतला, उलटापालटा केला आणि परत दिला. मग मुंबईला पाठवला. कुरिअर आणि दुरुस्तीचे नऊशे गेले, महिनाभर चांगला चालला आणि पुन्हा तेच.

मग मी पेट्रोलच्या लायटरकडे वळलो. कापसात इंधन जिरवायचं, वात, चाक आणि चकमकीचा खडा. ही रचना फार सोपी आणि भक्कम. अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड गावी १९३२ साली जॉर्ज ब्लेसडेल याने झिप्पो सुरू केली ती याच धर्तीवर, आणि आयुष्यभर फुकट दुरुस्तीची हमी त्याने पहिल्यापासून दिली. त्यातला खडा तर त्याहून जुना. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १९०३ साली सिरियम आणि लोखंड यांचा तो मिश्रधातू शोधला, आणि आज जगातल्या दहा रुपयांच्या लायटरातही तोच बसतो. माझा पेट्रोल लायटर त्याच धर्तीचा पण दुसऱ्या कंपनीचा, तीन हजार चारशेचा. वाऱ्यात टिकायचा, ओलीतही पेटायचा. पण इंधन उडून जातं. आपल्या उन्हाळ्यात आठवडाभर हात लावला नाही की कोरडा. शिवाय सिगारला पेट्रोलचा वास लागतो, पहिले चार झुरके वाया. २०२२ मध्ये भाचीच्या लग्नाला विमानाने जाताना तो खिशातच राहिला आणि सुरक्षा तपासणीत ठेवून घेतला. नियमच तसा आहे, तक्रारीला जागा नाही. पण प्रवास करणाऱ्या माणसाने महागडा लायटर बाळगण्यातली ही अडचण विकत घेतानाच लक्षात घ्यावी.

माझ्या वहीत हिशेब असा आहे : पहिला लायटर ७२००, दुरुस्ती ९००, गॅसचे डबे १३५०, दुसरा लायटर ३४००, त्याचं इंधन आणि खडे ६००. एकूण १३,४५० रुपये. याच काळात काडेपेटी एक रुपयाची दोन रुपयांची झाली, डिसेंबर २०२१ मध्ये. तेव्हा लोकांनी कुरकुर केली, मीसुद्धा.

आता जे सांगायचं आहे ते.

मे २०१९. एटापल्लीकडची एक फळी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, फळी म्हणजे गावाजवळची ती मोकळी जागा, जिथे तोडलेली तेंदूची पानं पुडे बांधून आणली जातात, मोजली जातात आणि ओळीने जमिनीवर वाळत घातली जातात. पहाटे तीन-चारला बाया, पोरं, म्हातारी माणसं जंगलात जातात, पान तोडतात, घरी बसून पुडे बांधतात. वनहक्क आणि पेसा या कायद्यांमुळे आता अनेक ठिकाणी ग्रामसभाच आपल्या पानाचा लिलाव करतात. त्यामुळे फळीवर वाळणारा पुडा हा व्यापाऱ्याचा माल होण्याआधी गावाची वर्षाची कमाई असते. त्यातून पोराची फी भरायची असते, पावसाळ्याआधी छप्पर शाकारायचं असतं.

दुपारचे दोन वाजले असतील. मी फळीच्या कडेला सागाखाली उभा होतो. पायाखाली सागाची वाळलेली पानं, पापडासारखी. सिगार तोंडात धरून मी लायटर दाबला. जोरदार ज्योतीच्या लायटरात गॅस आधी हवेत मिसळतो आणि मग जळतो, म्हणून ज्योत निळी असते आणि फार गरम असते. भर उन्हात ती निळी ज्योत डोळ्यांना दिसतच नाही. फस्स आवाज आला होता, पण वाऱ्याच्या आवाजात मला तो कळला नाही. सिगारचं टोक एका क्षणात लाल झालं होतं, तेही मी पाहिलं नाही. पेटला नाही असं समजून डाव्या हाताचं बोट पुढे नेलं आणि ते भाजलं. मी हात झटकला, लायटर सुटला, सिगार सुटली.

लायटर विझला. सिगार विझली नाही.

पानांत पडल्यावर आधी धूरही दिसला नाही. मी बोट तोंडात घालून उभा. मग पायाशी तडतड ऐकू आली. काळ्या डागाभोवती नारिंगी कड, परातीएवढी. मी बुटाने दाबायला गेलो तर पेटती पानं उडून दोन हात पुढे पडली. वारा फळीकडेच होता. पुढे वीस-पंचवीस पावलांवर पुड्यांच्या ओळी, दोन दिवसांच्या उन्हात वाळलेल्या. आग खाटेएवढी झाली तेव्हा मी ओरडलो.

पुडे पलटायला आलेल्या बाया धावल्या. एकीने मला सरळ ढकललं, "बाजूला व्हा जी!" त्यांनी पळसाच्या हिरव्या फांद्या ओरबाडल्या आणि आगीच्या पुढच्या बाजूने झोडपायला सुरुवात केली. मागून नाही, पुढून. फळी मुन्शीने प्यायच्या पाण्याचा रांजण आडवा केला. एका म्हातारीने पायाने पानं मागे सारून जमीन उघडी केली. वनखातं जाळरेषा काढतं, तेच काम तिने उघड्या पायांनी वीतभर रुंदीत केलं. पाच-सात मिनिटांत सगळं काळं झालं, शांत झालं. एकीच्या लुगड्याचा काठ जळला होता, दोघींच्या पोटऱ्या भाजल्या होत्या. पुड्यांना धग लागली नाही.

मला कुणी शिवी दिली नाही. ते मला अजून सोसत नाही.

तिथे एक माडिया बुढा बसला होता. सगळं निवल्यावर त्याने कमरेची बांबूची नळी काढली. आत शेवरीचा कापूस, सोबत गारगोटी आणि पोलादाचा वाकडा तुकडा. गारगोटीच्या कडेला कापूस अंगठ्याने दाबून त्याने दोन वेळा पोलाद मारलं. ठिणगी कापसात शिरली, त्याने फुंकलं, पानात वळलेली तंबाखू पेटवली. मग कापूस नळीत ढकलून तोंडावर झाकण बसवलं. हवा बंद, विस्तव बंद. मी जवळ जाऊन विचारलं, तर त्याने झाकण काढून दाखवलं. कापसाचं टोक काळं झालं होतं. असा जळका कापूस पुढच्या वेळी लवकर ठिणगी धरतो, हे मला मुन्शीने समजावून सांगितलं. म्हणजे नीट विझवणं हीच पुढच्या वेळी पेटवण्याची तयारी. सात हजारांच्या माझ्या लायटरात पेटवण्यासाठी तीन ज्योती होत्या. सिगारचा विस्तव विझवायला काहीही नव्हतं.

राखीव जंगलात आग लावणं, निष्काळजीपणे विस्तव टाकणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा काळ. मोहफुलं वेचायला खालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग घालतात, असं आपण गावकऱ्यांबद्दल नेहमी बोलतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण बाहेरून गाडीने येणाऱ्या, खिशात लायटर असणाऱ्या माझ्यासारख्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून मी बोलतो आहे.

तर घ्यावा का महागडा लायटर? मुंबई-पुण्यात राहत असाल, दुरुस्ती करून देणारा माणूस माहीत असेल आणि सुंदर वस्तू म्हणून, चांगलं घड्याळ घ्यावं तसा घ्यायचा असेल, तर तुमचा पैसा तुमचा. पॅरिसच्या एस. टी. द्यूपाँसारख्या जुन्या घराण्याच्या लायटरची घडणावळ हाताला कळते, हे मी नाकारणार नाही. पण ज्योत तीच असते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, जिथे शुद्ध गॅस मिळत नाही आणि कारागीर नाही, तिथे हजाराच्या वर एक रुपया घालू नका. एकाच ज्योतीचा घ्या, कारण छिद्रं जितकी जास्त तितकी अडचण जास्त. गॅस किती उरला ते दिसेल अशी खिडकी असलेला घ्या. चकमकीच्या खड्याचा मिळाला तर उत्तम, खडा कुठेही मिळतो आणि पावसाळ्यात दगा देत नाही. भरण्याआधी बारीक पेचकसाने झडप दाबून आतली हवा आणि उरलेला गॅस पूर्ण काढा, उघड्या जागी. ज्योतीचा पेच सगळ्यात कमीवर ठेवा, लायटर उलटा धरून भरा आणि पाच मिनिटं थांबून मगच पेटवा. बिघडलेल्यांपैकी निम्मे लायटर एवढ्यानेच सुधारतील असा माझा अनुभव आहे.

आणि सिगारच पेटवायची असेल तर लायटर हवाच असंही नाही. काडी ओढली की पहिला भुरका गंधकाचा असतो, तो जाऊ द्यायचा, मग लाकडाची ज्योत स्वच्छ असते. एक काडी पुरत नाही. मी अगरबत्तीसाठी तासलेली बांबूची काडी वापरायचो. गडचिरोलीत तिला तोटा नाही. ती काडेपेटीवर पेटवली की मिनिटभर शांत, पिवळी, डोळ्यांना दिसणारी ज्योत मिळते. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणाऱ्या घरांत म्हातारी माणसं तंबाखूच्या अख्ख्या पानाचा चुट्टा ओढतात, तीही सिगारच. चुलीतलं एक कोलीत त्यांना पुरतं.

तंबाखूने काय होतं ते या जिल्ह्यांत मी वेगळं सांगायला नको. खर्ऱ्याने तोंड न उघडणारी तरुण पोरं आम्ही रोज बघतो, आणि 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती उपक्रमाची माणसं २०१६ पासून गावोगाव तेच समजावत फिरत आहेत. माझी सिगार २०२३ मध्ये सुटली. मोठा लायटर घरात आहे. त्याची एक ज्योत अजून पेटते, वीज गेली की बायको त्यावर कंदील लावते.

हंगामात मी अजूनही फळीवर जातो. त्या प्रसंगानंतर मुन्शीने झोपडीच्या दाराशी झाकणाचा एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. फळीवर पाऊल ठेवण्याआधी ज्याच्याकडे जे असेल, काडेपेटी, लायटर, चकमक, ते डब्यात टाकायचं आणि संध्याकाळी जाताना न्यायचं. बिडी ओढायची तर झोपडीमागे, जिथली जमीन झाडून उघडी केली आहे तिथेच. मी बिडी ओढत नाही, पण स्टोव्हसाठी काडेपेटी खिशात असते. सकाळी गाडीतून उतरलो की आधी डब्याकडे जातो आणि ती आत टाकतो.