फ्रँकलिनची वही आणि आमचे घर

बेंजामिन फ्रँकलिन म्हटला की आपल्याला पतंग, किल्ली आणि आकाशातली वीज आठवते. शाळेच्या पुस्तकाने त्याला त्या पावसात उभा करून ठेवला आहे आणि तिथून त्याला घरात आणण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. वास्तविक हा मनुष्य पेशाने छापखानेवाला. १७०६ साली बोस्टनला साबण-मेणबत्त्या करणाऱ्याच्या घरी जन्मलेला, सतरा भावंडांतला एक. दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर टिपण लिहून आणण्यासाठी आमच्या इतिहासाच्या सरांनी त्याचे आत्मचरित्र माझ्या हाती दिले. टिपण राहिले बाजूलाच. त्यातल्या दहा-बारा पानांनी माझे एक वर्ष घेतले. त्या वर्षाचा हिशेब या लेखात मांडायचा आहे.

आधी माझी परिस्थिती सांगते. २०२४ च्या मार्चमध्ये तिसऱ्या सत्राचा निकाल लागला आणि मी दोन विषयांत नापास झाले. अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. रात्री जेवताना ते आईला एवढेच म्हणाले, ‘‘पुढच्या पाडव्यापर्यंत बघू. नाहीतर मामांनी सांगितलेलं ते स्थळ काही वाईट नाही.’’ माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. म्हणजे ९ एप्रिल २०२४ च्या पाडव्यापासून ३० मार्च २०२५ च्या पाडव्यापर्यंत मला मुदत मिळाली. मी दिवस मोजले. मध्ये अधिक मास नव्हता, त्यामुळे ते ३५५ भरले. पंचांगाने माझे दहा दिवस कापून घेतले, असे तेव्हा मनात आले.

आता फ्रँकलिनने काय केले ते पाहू. ऐन तरुणपणी त्याने ठरवले की आपण निर्दोष व्हायचे. पण चांगले वागायची इच्छा आणि चांगले वागण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला लवकरच कळले. तेव्हा त्याने गुणांची यादी केली. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग असे करत बारा गुण झाले. ती यादी पाहून एका मित्राने त्याला सांगितले की तू गर्विष्ठ आहेस असे लोकांचे मत आहे. तेव्हा त्याने तेरावा गुण जोडला, नम्रता. मग एक लहानशी वही बांधली. प्रत्येक गुणाला एक पान, पानावर तांबड्या शाईने आखलेले आठवड्याचे सात उभे रकाने आणि तेरा आडव्या ओळी. रात्री दिवस आठवायचा आणि जिथे चुकलो तिथे काळा ठिपका द्यायचा. सर्व गुणांवर एकदम धाड घालायची नाही. एका आठवड्यात एकाच गुणाकडे मुख्य लक्ष द्यायचे आणि बाकीचे नेहमीप्रमाणे चालू द्यायचे. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. शेतातले तण काढणारा मनुष्य एकेक वाफा घेतो तसे हे आहे.

ही पाने त्याने १७८४ साली, पॅरिसजवळच्या पासी गावी राहत असताना लिहिली. तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, आणि म्हातारपणी मनुष्य स्वतःविषयी लिहितो तेव्हा थोडे तेल-पाणी करतोच. तरीही एक गोष्ट त्याने लपवली नाही. जुने ठिपके खोडून त्याच वहीत नवी फेरी सुरू करता करता कागदाला भोके पडली. शेवटी त्याने हस्तिदंताच्या पानांची टिपणवही घेतली. तिच्यावरचे पेन्सिलचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता येत. मला हा सगळा उपदेशापेक्षा त्या भोकांचाच भरवसा वाटला.

मी दोनशे पानी वही घेतली, दोन दिवसांना एक पान. तेरा गुण मला झेपणारे नव्हते. पहिले तीन आठवडे तर एकही गुण घेतला नाही. फक्त काय घडते ते लिहिले. कोणत्याही विद्यार्थ्याने एवढे तरी करून पाहावे. मी रोज चार तास अभ्यास करते अशी माझी समजूत होती, घरातही तसेच बोलले जाई. वहीत सरासरी निघाली एक तास दहा मिनिटे. पुस्तक उघडे असण्याचा वेळ वेगळा आणि वाचण्याचा वेळ वेगळा, हे मला विसाव्या वर्षी कळले. मोबाईल पावणेदोन तास खात होता, तोही सलग नव्हे, पाच-पाच मिनिटांच्या घासांनी. एस.टी.ची वाट पाहणे आणि प्रवास मिळून दीड तास. आणि घरकाम पावणेचार तास. हा शेवटचा आकडा मी तेव्हा नीट पाहिला नाही.

मग चार गुण घेतले: मौन, निश्चय, उद्योग आणि व्यवस्थितपणा. मौन म्हणजे कॉलेजातून आल्यावर मोबाईल कणगीमागच्या फळीवर ठेवणे. हे सर्वांत अवघड जाईल असे वाटले होते, पण पंधरवड्यात जमले. निश्चय म्हणजे ठरवलेली पाने ठरवलेल्या दिवशी वाचणे. एस.टी.चा दीड तास मी नापास झालेल्या विषयांना दिला; उभ्याने वाचता येते, लिहिता येत नाही, म्हणून पाठांतर तिथे आणि उत्तरलेखन घरी. सर्वांना सांगण्यासारखी युक्ती एवढीच आहे.

एक कबुली द्यायला हवी. श्रावणात मी वहीत खोटे लिहू लागले. ठिपके फार दिसायला लागले की लाज वाटे, म्हणून ‘वाचन दोन तास’ असे लिहून टाकी. ती वही कोणीच पाहत नव्हते. मग मी कोणाला फसवत होते? सलग अकरा दिवस असे चालले. ते कळले ते चाचणीच्या गुणांवरून. ती पाने मी फाडली नाहीत, त्यांच्यावर तिरकी रेघ मारून ठेवली आहे.

परंतु व्यवस्थितपणा काही केल्या जमेना. फ्रँकलिनलाही तो जमला नाही. त्याने त्यावर एक गोष्ट सांगितली आहे. एकाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि सगळे पाते धारेसारखे लखलखीत करून मागितले. लोहार म्हणाला, करतो, तू सहाणेचे चाक फिरव. चाक फिरवून फिरवून गिऱ्हाईक दमले आणि म्हणाले, राहू दे, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड बरी वाटते. फ्रँकलिनने स्वतःला या गिऱ्हाइकाच्या रांगेत बसवले आहे. मी मात्र तिथे अडून राहिले, कारण माझी अडचण दमण्याची नव्हती. साडेसहाला पुस्तक घेऊन बसले की पावणेसातला नळ येई. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते आणि ते कोणाच्या वेळापत्रकाने येत नाही.

म्हणून मी त्याचे वेळापत्रक पुन्हा वाचले. पहाटे पाचला उठणे, प्रार्थना, दिवसाची आखणी, अभ्यास, न्याहारी. आठ ते बारा काम. दुपारी दोन तास वाचन, जमाखर्च आणि जेवण. पुन्हा सहापर्यंत काम. मग वस्तू जागच्या जागी ठेवणे, रात्रीचे जेवण, संगीत, गप्पा आणि दिवसाची तपासणी. दहाला झोप. या तक्त्यात जेवण आहे, स्वयंपाक नाही. न्याहारी आहे, चूल नाही. व्यवस्थितपणा का साधत नाही याचे कारण तो देतो ते असे, की पगारी कामगाराला तो साधेल, पण मालकाला गिऱ्हाइकांच्या सोयीने वागावे लागते. ज्याच्या दिवसाची दोरी घरातल्या प्रत्येकाच्या हातात असते अशा माणसाचा त्याने विचार केलेला नाही.

असे माणूस त्याच्याच घरात होते. डेबोराशी त्याचा संसार १७३० साली सुरू झाला. ती पत्रके घडी घालून शिवी, दुकान सांभाळी, कागद करणाऱ्यांसाठी जुन्या चिंध्या विकत घेई. हे त्यानेच कौतुकाने लिहिले आहे, त्याच पुस्तकात. पण डेबोराची वही नाही.

पुढे मनात आले ते जरा वाकडे आहे, पण लिहिते. आपल्याकडे एकाग्र कामाचे दाखले म्हणून जी पुस्तके सांगितली जातात त्यांतली किती तुरुंगात झाली पाहा. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहून काढले. ते १९१५ साली छापले गेले. विनोबांची गीता-प्रवचने १९३२ सालची, धुळ्याच्या तुरुंगातली. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली, अवघ्या काही दिवसांत झाली. या माणसांच्या तपश्चर्येला मी हात लावत नाही. तुरुंगाचे हालही मी जाणत नाही. तरी तुरुंगात नळाला पाणी आले म्हणून कोणी हाक मारीत नसावे. याच्या उलट रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचा. १९१० साली त्या पुस्तकरूपाने आल्या. न्यायमूर्ती पत्नीला स्वतः शिकवीत, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्याबद्दल दिवसभर टोचून बोलत. तिचा अभ्यास बहुतेक रात्रीचा. तो टोमण्यांतून उरलेल्या वेळात झाला.

आश्विनात एका रविवारी मी माझ्याऐवजी आईचा दिवस वहीत लिहिला. तिला सांगितले नव्हते, पण दुपारपर्यंत तिच्या लक्षात आले. ‘‘माझं काय लिहितीस? रोजचंच की ते,’’ म्हणाली. पहाटे पावणेपाचला सुरुवात, रात्री सव्वादहाला शेवट. स्वयंपाक, पाणी, धुणी-भांडी, झाडलोट मिळून सहा तास वीस मिनिटे. गोठा, धारा, वैरण आणि रानातली खुरपणी मिळून पावणेसहा तास. बसलेली अशी फक्त पंचवीस मिनिटे, तीही गिरणीत दळणाची पाळी यायची होती म्हणून. यातले तिने स्वतः ठरवून काय केले, असा एक रकाना मी आखला होता. तो कोरा राहिला.

नंतर ग्रंथालयात २०१९ सालच्या वेळवापर पाहणीचे आकडे मिळाले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ती सबंध देशात केली होती. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो. जे पुरुष असे काम करतात त्यांचा ९७ मिनिटे. असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात एक्क्याऐंशी, पुरुष सव्वीस. आमची आई सरासरीच्या पुढे आहे आणि धाकटा भाऊ त्या चौऱ्याहत्तरांत बसतो.

ते आईच्या दिवसाचे पान मी अण्णांपुढे ठेवले. मला वाटले होते, वाद होईल. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि विचारले, ‘‘हे पंचवीस मिनिटं गिरणीतलं खरं का?’’ मी हो म्हटले. दुसऱ्या दिवसापासून दळण भावाने आणायचे ठरले. त्याने आठ दिवस धुसफूस केली आणि नळाचे पाणीही त्याच्याकडे आल्यावर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. अण्णा स्वतः काही करू लागले असे झाले नाही. सायंकाळी पारावर जाणे त्यांनी सोडले नाही. तेवढ्याने माझे पन्नासएक मिनिटे सुटली. आईची किती सुटली ते सांगता येणार नाही, कारण रिकाम्या झालेल्या वेळात ती दुसरे काम काढते. त्यावरून आमचे भांडणही झाले.

दिवाळीनंतर राहिलेले दोन्ही विषय सुटले. एका विषयात पंचावन्न, दुसऱ्यात काठावर. वर्षाच्या शेवटच्या महिन्यातली अभ्यासाची सरासरी तीन तास पाच मिनिटे आहे. चार काही झाले नाहीत. व्यवस्थितपणाच्या ओळीत शेवटच्या आठवड्यातही पाच ठिपके आहेत.

पाडव्याच्या रात्री अण्णांनी स्थळाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. वहीची बावीस पाने उरली होती. ती आईने मागून घेतली. दुधाच्या संकलन केंद्रावरच्या चिठ्ठ्या आणि आपले माप जुळत नाही असा तिला बऱ्याच दिवसांपासून संशय होता. आता ती सकाळ-संध्याकाळ लिटर लिहिते, तारखेसह, सातवीपर्यंतच्या त्या गोल अक्षरात.