भारतवारीआधी गाडीच्या छोट्या बॅटरीचा हिशेब

मुंबईहून निघून जानेवारीतल्या मध्यरात्री एडिसनच्या घरी पोचायचं. सकाळी मुलांना शाळेत सोडायला गाडीशी जायचं, किल्लीचं बटण दाबायचं, आणि साधा दिवाही लागायचा नाही. न्यू जर्सीतल्या आपल्या किती घरांनी हे अनुभवलं असेल! गाडी प्लग-इन हायब्रिड असली की गोंधळ आणखी वाढतो. निघताना मोठी बॅटरी पूर्ण भरली होती, टाकीत पेट्रोलही आहे, मग ही जागची हलत का नाही?

कारण गाडीला जागं करणारी बॅटरी वेगळीच असते. ती म्हणजे साधी बारा व्होल्टची, शिसं आणि आम्लाची. जुनी प्लग-इन गाडी घेताना सगळे मोठ्या बॅटरीची चौकशी करतात, या छोटीबद्दल कुणी विचारत नाही. ऐन वेळी दगा मात्र हीच देते.

सेकंडहँड बाजारात बऱ्यापैकी मिळणारी शेव्हरोले व्होल्ट उदाहरणादाखल घेते. २०११ ते २०१९ या मॉडेल-वर्षांतली ही गाडी. २०१६ पासूनच्या गाड्यांत मोठी बॅटरी १८.४ किलोवॉट-तासांची आहे, तर बारा व्होल्टवाली जेमतेम पाऊण किलोवॉट-तासाची, डिकीच्या तळाखाली बसवलेली. व्होल्टला वेगळा स्टार्टर नाही. इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटरच करते. पण त्या मोठ्या बॅटरीचा प्रवाह गाडीत सोडणारे स्विच, सगळे कॉम्प्युटर, दारांची कुलुपं, डिकीचं बटण, हे सारं बारा व्होल्टवर चालतं. छोटी बसली की मोठी भरलेली असूनही तिच्यापर्यंत पोचता येत नाही.

साध्या पेट्रोल गाडीत बॅटरी थकली की स्टार्टर आठवडाभर आधीपासून कण्हायला लागतो, आणि माणूस सावध होतो. इथे ती सूचना मिळतच नाही. काल गाडी व्यवस्थित होती, आज मेली, असं होतं. कधी त्याआधी पडद्यावर चित्रविचित्र इशारे येतात: शक्ती कमी झाली, चार्जिंग यंत्रणा तपासा. ते वाचून घाबरून थेट डीलरकडे जाऊ नका. नुसत्या निदानाचे दीडशे ते दोनशे डॉलर लागतात, आणि अशा इशाऱ्यांमागे अनेकदा बारा व्होल्टचा अशक्तपणाच असतो. आधी छोटी बॅटरी तपासा. ऑटोझोनसारख्या सुट्या भागांच्या दुकानांत ही तपासणी फुकट होते.

घरी तपासायला वीस-पंचवीस डॉलरचा मल्टीमीटर पुरे. गाडी बंद करून, दारं लावून दोन-तीन तास झोपू द्या आणि मग बॉनेटखाली या डिकीतल्या बॅटरीची टोकं दिलेली असतात, त्यांवर मोजा. व्होल्टमधली बॅटरी एजीएम प्रकारची, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली असते. ती पूर्ण भरलेली असेल तर १२.८ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. १२.४ म्हणजे अर्ध्याहून अधिक भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी चालू करून मोजलं तर १३ ते १५ च्या दरम्यान दिसायला हवं. तेवढं दिसलं तर मोठीतून छोटीत वीज भरणारा कन्व्हर्टर ठीक आहे असं समजा.

आता भारतवारी. बंद गाडीसुद्धा अलार्म, रिमोटचा रिसीव्हर वगैरेंसाठी थोडी वीज खातच असते. ४० मिलिअँपिअर धरा. दिवसाला साधारण एक अँपिअर-तास, पस्तीस दिवसांत चौतीस. बॅटरी साधारण ६० अँपिअर-तासांची. नवी असेल तर ती निम्म्याहून अधिक रिकामी होऊनही कशीबशी तग धरेल. सहा वर्षांची, क्षमता घटलेली असेल तर धरणार नाही. त्यात विमा कंपनीचा डोंगल किंवा डॅशकॅम लावलेला असेल तर हिशेब आणखी बिघडतो. निघताना हे दोन्ही काढून ठेवा. त्याला काही खर्च नाही.

“पण मी गाडी प्लगला लावूनच जाते,” असं अनेक जणी सांगतात. प्लगमधली वीज मोठीत जात असते तोवर छोटीलाही मिळते. मोठी भरली की यंत्रणा झोपते आणि छोटीचं भरणं थांबतं. व्होल्टच्या मॅन्युअलमध्ये चार आठवड्यांपर्यंतच गाडी प्लगला लावून ठेवायला सांगितलं आहे. त्यापेक्षा जास्त दिवस जायचं असेल तर पद्धत उलटी: मोठी बॅटरी मीटरवरच्या दोन-तीन काड्यांपर्यंत उतरवायची, प्लग काढून ठेवायचा, आणि छोटीला वेगळा, हळूहळू भरत राहणारा ट्रिकल चार्जर लावायचा. आपल्या सुट्ट्या बहुधा पाच आठवड्यांच्या असतात, म्हणजे नेमक्या त्या मर्यादेपलीकडच्या.

गराज आणि त्यात सॉकेट असेल तर चाळीस ते ऐंशी डॉलरचा स्मार्ट चार्जर घ्या, त्यावर एजीएमची सोय आहे ना ते पाहा, आणि बॉनेटखालच्या टोकांना लावून निश्चिंत जा. अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी असेल तर बॅटरीची काळी, म्हणजे ऋण केबल सोडवून ठेवणं हाच उपाय. मात्र डिकी बटणावर उघडते आणि बॅटरी त्याच डिकीत आहे! केबल सोडवून डिकी लावली की परत आल्यावर बॉनेटखाली जंप स्टार्टर लावून आधी डिकी जागी करावी लागते. म्हणून तो जंप स्टार्टर, जो सत्तर ते सव्वाशे डॉलरला मिळतो, डिकीत नाही तर घरात ठेवा. शिवाय रिमोटच्या आतली धातूची किल्ली काढून ड्रायव्हरचं दार तिने एकदा उघडून बघा. अंधारात, थंडीत किल्लीचं भोक शोधत बसायची वेळ येऊ नये.

शेजाऱ्यांना किंवा मित्राला “आठवड्यातून एकदा चालू कर” म्हणून किल्ली देत असाल तर अर्धा तास फिरवून आणायला सांगा. बंद गराजात गाडी उभी चालू ठेवायला कधीही सांगू नका. कडक थंडीत व्होल्टचं इंजिन मोठी बॅटरी भरलेली असतानाही आपोआप सुरू होतं, आणि त्याचा धूर जीव घेऊ शकतो.

थंडीची आणखी एक गोष्ट. भरलेली बॅटरी न्यू जर्सीच्या थंडीत गोठत नाही, पूर्ण उतरलेली मात्र उणे सात-आठ सेल्सियसलाही गोठू शकते. तिची बाजू फुगलेली दिसली तर जंप करायच्या भानगडीत पडू नका.

बदलायची झाली तर? एजीएम बॅटरी १८० ते २६० डॉलरला मिळते, वर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर. जुनी परत करेपर्यंत वीसेक डॉलर कोअर डिपॉझिट अडकतं, ते मागून घ्यायला विसरू नका. कॉस्टकोत सहसा स्वस्त पडते आणि ३६ महिन्यांत बिघडली तर बदलून मिळते, पण ते बसवून देत नाहीत. डीलरकडे बसवण्यासकट साडेतीनशे ते साडेचारशेची तयारी ठेवा. मापाचा नंबर जुन्या बॅटरीवरच वाचा, आणि एजीएमऐवजी साधी स्वस्त बॅटरी कुणी सुचवली तर घेऊ नका. ही बॅटरी प्रवासी भागाशी जोडलेल्या जागेत आहे, तिच्यातून निघू शकणारा हायड्रोजन बाहेर नेणारी बारीक नळी नव्या बॅटरीला पुन्हा जोडलीच पाहिजे. घाईत नेमकी तीच राहून जाते.

स्वतः बदलणार असाल तर आधी हातातल्या बांगड्या, अंगठ्या काढा. पाना आणि बांगडी एकाच वेळी दोन टोकांना टेकली तर मनगट भाजतं. ऋण केबल आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. नारिंगी केबलना हात लावायचा नाही, त्या मोठ्या बॅटरीच्या आहेत. बीएमडब्ल्यूच्या प्लग-इन गाड्यांमध्ये नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, त्याचे वेगळे पैसे पडतात. ते आधी विचारून घ्या.

एजीएम बॅटरी नीट सांभाळली तर पाच-सहा वर्षं सहज जाते. म्हणजे वर्षाला चाळीस डॉलरच्या आसपास. एकदा पूर्ण उतरली की मात्र वीस मिनिटांच्या फेरीने भरत नाही. जंप करून गाडी चालू झाली तरी त्या रात्री चार्जर लावाच, नाहीतर दोन दिवसांनी पुन्हा तेच होईल. आणि दोन-तीनदा अशी उतरलेली बॅटरी भरून वापरत राहू नका, बदला.

जुनी गाडी अजून घ्यायचीच असेल तर सौदा ठरण्याआधी डिकीचा तळ उचलून बॅटरीवरची तारीख वाचा. पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर किमतीतून अडीचशे डॉलर कमी करायला सांगा. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून आग्रह झाला तर बारा व्होल्टची बॅटरी तिच्यात आहे का ते लेखी विचारा. बहुतेक वेळा ती नसते. मोठ्या बॅटरीला व्होल्टवर मूळची आठ वर्षं किंवा एक लाख मैलांची हमी होती, तीही या छोटीला लागू नव्हती.