झाशी विषयाबाहेर कशी?

चि. समीर,

तुझ्या आईचा फोन आला होता. लष्करी अकादमीतल्या व्याख्यानात तू इंग्रज सेनापती ह्यू रोजची १८५८ ची मध्य हिंदुस्थानातली मोहीम मांडलीस, आणि झाशी पडल्यावर शहरात काय झालं असं कुणी विचारलं तेव्हा ‘तो विषयाबाहेरचा भाग’ म्हणालास. बक्षीस मिळालं म्हणून ती खुशीत होती. मला मात्र त्या उत्तरानं धास्ती वाटली.

रोजचं कर्तृत्व मी नाकारत नाही. १ एप्रिल १८५८ ला तात्या टोपे वीसेक हजारांची फौज घेऊन बेतव्यावर आले, तेव्हा झाशीचा वेढा न उठवता त्यानं जेमतेम दीड हजार माणसांनिशी त्यांना हरवलं. कोंचच्या उन्हात तो स्वतः वारंवार कोसळला, तरी काल्पी घेतलीच. ग्वाल्हेर बंडवाल्यांच्या हाती गेल्याचं कळताच आजारपणाची रजा बाजूला सारून पुन्हा घोड्यावर बसला. तुझ्या वयाला याची भुरळ पडायचीच, मलाही पडली होती. पण बेतवा विषयात आणि झाशीचे रस्ते विषयाबाहेर, ही रेघ आखली कुणी? वेढा शहर घेण्यासाठीच घालतात ना? मग शहर हाती आल्यावर सेनापतीनं काय होऊ दिलं, हेही मोहिमेतच मोडतं.

तू म्हणशील, जून १८५७ मध्ये झाशीच्या जोखनबागेत इंग्रजांची बायकामुलांसकट कत्तल झाली होती, सैन्य खवळलेलं होतं. झाली, आणि ती क्रूरच होती. पण पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी झाशीत अडकले होते, त्यांचा ‘माझा प्रवास’ उघड. दिवसचे दिवस चाललेली कापाकापी, आगी, लूट, राजवाड्यातल्या ग्रंथांची धूळधाण. त्या निःशस्त्र माणसांचा जोखनबागेशी काय संबंध? गोऱ्या शिपायांनी उपाशी बायकामुलांना आपल्यातलं अन्न दिलं असं त्यांचीच माणसं लिहितात; तेही मी मानतो. त्यावरून एवढंच दिसतं, की हात आवरता येत होता. ‘युद्धात असं व्हायचंच’ ही सबब तर रोजला मुळीच लागू नाही. १८४१ मध्ये लेबनॉनात ड्रूझ आणि मॅरोनाइट एकमेकांना कापत असताना इंग्रजांचा कौन्सल जनरल असलेल्या याच माणसानं लोकांना वाचवायला धडपड केली होती. पुढे झाशीच्या राणीच्या शौर्याची त्यानं तारीफ केली. मेलेल्या शत्रूची तारीफ स्वस्त पडते, बाबा. मग हिंदुस्थानचं सरसेनापतिपद, १८६६ ला लॉर्डपद, १८७७ ला फील्ड मार्शल. त्या यादीत झाशीच्या गल्ल्या नाहीत. तुझ्या व्याख्यानातही नव्हत्या, तेच खुपलं.

राग इथवर येता येता उतरला. तू कठोर नाहीस हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गुण देणाऱ्यांसमोर कठोर दिसायची घाई झाली असेल. भटजींचं पुस्तक पाठवतोय, सवडीनं वाच. नाही पटलं माझं, तर तसं बेधडक लिही, पण लिही. परेडनं पाय सोलवटलेत म्हणे? रात्री खोबरेल चोळत जा. आणि दिवाळीला रजा मिळाली तर आधी इकडे ये, काकू विचारत असते.

तुझा,
काका