वरातीतले गाणे आणि परवान्याचा धाक

सातारा जिल्ह्यात आमचे मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत सनई, बँड, मंगलाष्टका आणि हळदीचा डीजे यांनी आमचा दिवस भरलेला असतो. मांडववाला, आचारी, भटजी आणि फोटोग्राफर यांच्या बिलांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत आणखी एक कागद आला आहे, तो म्हणजे संगीताचा परवाना. या कागदाच्या नावाने लग्नघरे कशी हबकतात हे मी जवळून पाहिले आहे. बाकीच्यांवर ती पाळी येऊ नये म्हणून हे लिहितो.

एका हळदीच्या संध्याकाळी दोन माणसे आली आणि मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन बोलू लागली. “आमच्या कंपनीच्या मालकीची गाणी परवान्याशिवाय वाजताहेत. पैसे भरा, नाहीतर पोलिसांत तक्रार करू, साउंड जप्त होईल,” असे त्यांचे म्हणणे होते. मी मध्ये पडलो, कागद दाखवा म्हणालो. पण वडिलांनीच माझा हात धरला. “दादा, उद्या अक्षता आहेत. पोलीस मांडवात आले तर व्याह्यांना काय तोंड दाखवू?” त्यांनी रोख पैसे देऊन टाकले. पावती मिळाली नाही. कोणती गाणी कोणाच्या मालकीची होती, हेही कोणी सांगितले नाही.

त्यानंतर मी कॉपीराइट कायदा, १९५७ मुळातून वाचला आणि साताऱ्यातल्या वकिलांकडून समजून घेतला. कलम ५२ मध्ये ज्या कृतींनी कॉपीराइटचा भंग होत नाही त्यांची यादी आहे. त्यातल्या (१)(झेडए) या पोटकलमात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत वाजवलेल्या संगीताला आणि ध्वनिमुद्रणाला सूट दिली आहे. त्याखालच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ स्पष्ट शब्दांत धरले आहेत. म्हणजे त्या वडिलांच्या बाजूने खुद्द संसदेचा कायदा उभा होता, फक्त मांडवात तो कोणाच्या हाताशी नव्हता.

पण धाक निव्वळ पोकळ असतो, असेही कोणी समजू नये. कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. नफ्यासाठी जागा देणाराही कलम ५१ खाली अडकू शकतो, म्हणून कार्यालयवाले घाबरतात. माझ्या मते ही शिक्षा खोट्या सीडी छापणाऱ्यांसाठी ठीक आहे. नाचणाऱ्या वऱ्हाडासमोर ती नाचवणे हा अन्याय आहे.

दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगतो. ३१ डिसेंबरला आमच्या लॉनवर तिकीट लावून कार्यक्रम होतो, त्याचा परवाना आम्ही घेतो आणि तो घेतलाच पाहिजे. तिथे गाण्यावर धंदा चालतो, तेव्हा गाणे करणाऱ्याला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीतला हक्क कायद्याने मिळाला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आवाज उठवला होता. लग्नाच्या सुटीचे नाव सांगून कोणी कंपनीचा वार्षिक मेळावा फुकटात उरकत असेल, तर तो कलावंताच्या तोंडचा घास काढतो.

आता सरकारबद्दल. केंद्राच्या उद्योग विभागाने २४ जुलै २०२३ रोजी सूचना काढून लग्नाच्या सुटीची आठवण करून दिली. पुढे गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ रोजी तशाच आशयाचे परिपत्रक काढले. ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणारी कंपनी न्यायालयात गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते परिपत्रक रद्द केले. तेव्हा “आता लग्नातही परवाना लागणार” अशी हाकाटी झाली. खरे तर कायद्यातली सूट न्यायालयाने रद्द केलेली नाही. परिपत्रकाने कायद्याचा अर्थ ताणता येत नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. मला हा निकाल पटतो. आज सरकार एका कागदाने सूट वाढवू शकले, तर उद्या तशाच कागदाने ती आवळूही शकेल.

कायद्याने दिलेली सूट तंत्रज्ञानाला कळत नाही, हाही अनुभव आहे. परदेशातल्या नातेवाइकांसाठी एका लग्नाचे थेट प्रक्षेपण सुरू होते. मागे चित्रपटगीत वाजले आणि प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावरील गाणी ओळखणाऱ्या यंत्राने ऐन सप्तपदीत आवाज बंद केला. यंत्र फक्त सूर जुळवते. समोर होम पेटला आहे की पार्टी चालली आहे, हे त्याला कळत नाही, आणि दाद मागेपर्यंत मुहूर्त टळलेला असतो.

म्हणून काही गोष्टी सांगतो. वसुलीला कोणी आले तर आधी ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र मागा. मग गाण्यांची यादी, त्यांवरील मालकीचा कागद आणि दरपत्रक मागा. लग्नाची सूट आम्हाला लागू का नाही, हे लेखी द्या म्हणावे. आम्ही पुढच्या एका लग्नात अशी लेखी विचारणा केली, तिला आजवर उत्तर आलेले नाही. “तुमची संस्था नोंदणीकृत नाही” एवढ्यावर मात्र महाराष्ट्रात विसंबू नका. परवाना फक्त नोंदणीकृत कॉपीराइट संस्थाच देऊ शकते असे मत मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिले, तर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याहून वेगळे: मालक कंपनी स्वतःच्या गाण्यांचा परवाना स्वतः देऊ शकते.

हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात आणि स्वागतसमारंभ यांची नावे बुकिंगच्या पावतीवर तारखेसह लिहून घ्या. कार्यालयाच्या बिलात ‘संगीत परवाना’ अशी रक्कम दिसली तर तिचा आधार विचारा. रोख पैसे देऊ नका. कोणी निराधार धमकी देत असेल तर कलम ६० खाली दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते.

दोन गल्लती टाळा. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर असलेली बंदी ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतून येते, कॉपीराइटची सूट तिथे कामाला येत नाही. आणि तुकोबांचा अभंग सर्वांचा असला, तरी त्याची आजच्या संगीतकाराने बांधलेली चाल आणि तिचे ध्वनिमुद्रण यांवर मालकी असू शकते. मांडवात ते गाणे वाजवायला सूट आहे, पण लग्नाच्या व्हिडिओला जोडून ते इंटरनेटवर टाकायची मुभा त्या सुटीत आपोआप येत नाही. प्रक्षेपण करायचे असेल तर विधी चालू असताना सनई-चौघडा प्रत्यक्ष वाजवून घ्या.

आणि एक मागणी. लग्नाशी निगडित समारंभ कोणते, याची व्याख्या संसदेने कायद्यातच करावी. कोणते गाणे कोणाच्या मालकीचे आणि दर काय, हे कोणालाही मोफत पाहता येईल अशी नोंदवही सरकारने उघडावी. तोवर प्रत्येक कार्यालयवाल्याने कलम ५२ मधला तो उतारा छापून दर्शनी भागात लावावा. आम्ही लावला आहे, तुम्हीही लावा.