काचेसारखा बर्फ, बर्फासारखी काच

सरबताच्या जाहिरातीतले चित्र एकदा नीट निरखून पाहा. पेल्यातले बर्फाचे खडे काचेसारखे आरपार दिसतात आणि पेल्याच्या बाहेरून टपोरे थेंब ओघळत असतात. आता घरच्या फ्रीजमधला एक खडा काढून उजेडात धरा. कडा स्वच्छ, पण मध्यभाग दुधासारखा पांढरा! पाणी तर दोन्हीकडे पाणीच. मग हा फरक का? चित्रातला बर्फ खरा असतो का? आणि आरपार दिसणारा बर्फ शुद्धच असतो का? या तीन प्रश्नांचा आज विचार करू या.

दुधी रंग कोठून येतो?

पाण्यात हवा विरघळलेली असते. ० अंश सेल्सिअसला १ लिटर पाण्यात सुमारे २९ घनसेंटिमीटर हवा मावते, तर २५ अंशाला सुमारे १७. बर्फात मात्र हवेला जवळजवळ जागाच नसते. पाण्याचे रेणू स्फटिकात रांगेने बसू लागले, की हवा आणि क्षार यांना ते बाहेर ढकलतात.

फ्रीजमधल्या ट्रेमध्ये पाणी सर्व बाजूंनी गोठते. म्हणून हवा आत आत ढकलली जाते आणि शेवटी मध्यभागी कोंडली जाऊन तिचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे होतात. बर्फाचा अपवर्तनांक १.३१ आणि हवेचा १. त्यामुळे प्रत्येक बुडबुड्यापाशी प्रकाशाची दिशा बदलते, तो चहूकडे विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, पण त्याचीच पिठीसाखर पांढरीशुभ्र होते. कारण तेच!

तळ्यापासून धडा

थंड देशांत तळी गोठतात ती वरून खाली. बर्फाचा थर खाली सरकतो आणि हवा व क्षार खालच्या पाण्यात ढकलले जातात. तळे खोल असल्यामुळे हवा कोंडली जात नाही आणि बर्फ नितळ निघतो. अमेरिकेतील फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने असा तळ्यांतला बर्फ जहाजात भरून १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला पाठवला. प्रवास चार महिन्यांचा. तरी निघताना सुमारे १८० टन असलेला बर्फ पोचताना सुमारे १०० टन उरला होता. पुढे मुंबई व मद्रास येथेही हा बर्फ साठवण्यासाठी हिमगृहे बांधली गेली. मद्रासची इमारत आजही चेन्नईत उभी असून ती विवेकानंद हाउस म्हणून ओळखली जाते.

घरी करून पाहा

तळ्याची युक्ती आपण फ्रीजमध्ये वापरू शकतो. फ्रीझरमध्ये मावेल अशी थर्मोकोलची पेटी घ्या. तिच्यात नेमका बसेल असा प्लॅस्टिकचा डबा ठेवा आणि वर दोन सेंटिमीटर जागा सोडून तो पाण्याने भरा. पेटीला झाकण लावू नका. तळ आणि बाजू थर्मोकोलने झाकल्यामुळे थंडी फक्त वरूनच पोचते. त्याच पाण्याचा एक नेहमीचा ट्रे तुलनेसाठी शेजारी ठेवा.

साधारण १२ तासांनंतर अधूनमधून पाहत जा. वरचा तीनचतुर्थांश भाग गोठला, की डबा काढून उरलेले पाणी ओतून टाका. त्याच पाण्यात हवा आणि क्षार गोळा झालेले असतात. सगळे गोठू दिलेत, तर तळाचा थर पांढरा होईल. शिवाय गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, त्यामुळे डबा फुटण्याचीही भीती! याच कारणासाठी काचेचे भांडे मुळीच वापरू नका.

दुसऱ्या वेळी पाण्यात शाईचा एक थेंब टाका. वरचा बर्फ फिका आणि खाली उरलेले पाणी गडद झालेले दिसेल. हा बर्फ अर्थातच खायचा नाही.

पाणी आधी उकळले तर? विरघळलेली हवा निघून जाते खरी, पण पाणी निवताना ती पुन्हा शिरू लागते. म्हणून नुसत्या उकळण्याने थोडाच फरक पडतो. गोठण्याची दिशा हीच खरी किल्ली आहे.

कारखान्यातली लादी

बर्फाच्या कारखान्यात पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे उणे १० अंशांच्या आसपास असलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवतात. मोठी लादी तयार व्हायला दोन दिवसही लागतात. येथे पाणी चारही बाजूंनी गोठते. मग लादी नितळ कशी करायची? डब्याच्या मध्यभागी नळी सोडून तिच्यातून हवा फुंकतात. हवा काढण्यासाठी हवाच फुंकायची, हे ऐकून नवल वाटेल! पण मोठे बुडबुडे पाणी सतत ढवळत राहतात, त्यामुळे गोठणाऱ्या पृष्ठभागाला चिकटलेले सूक्ष्म बुडबुडे सुटून वर निघून जातात. शेवटी मध्ये राहिलेले क्षारयुक्त पाणी शोषून घेऊन तेथे ताजे पाणी भरतात.

चित्रातला बर्फ

आता छायाचित्रकाराची अडचण पाहा. २० ग्रॅमचा खडा वितळायला, बर्फाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ८० कॅलरी धरून, १६०० कॅलरी म्हणजे सुमारे ६७०० जूल लागतात. ५०० वॅटच्या दिव्याची फक्त ५ टक्के ऊर्जा, म्हणजे सेकंदाला २५ जूल, खड्यात शिरली, तरी साडेचार मिनिटांत त्याचे पाणी! म्हणून पुष्कळदा बर्फाऐवजी ॲक्रिलिकचे किंवा काचेचे खडे वापरतात.

आणखी एक गंमत आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, बर्फाचा १.३१. फरक इतका कमी, की नितळ बर्फ पाण्यात जवळजवळ दिसेनासा होतो. ॲक्रिलिकचा १.४९ असल्यामुळे त्याच्या कडा ठसठशीत दिसतात. म्हणजे नकली बर्फ अस्सलापेक्षा अधिक उठून दिसतो!

पण चोरी घनतेने पकडता येते. बर्फाची घनता ०.९२, म्हणून तो तरंगतो. ॲक्रिलिकची सुमारे १.१९ आणि काचेची सुमारे २.५, हे खडे पाण्यात बुडतात. खडे पेल्याच्या तळाशी असले, किंवा एकावर एक रचून काठापर्यंत आणलेले असले, तर शंका घ्यायला हरकत नाही.

पेल्यावरचे थेंबही बहुधा ग्लिसरीन आणि पाण्याच्या मिश्रणाचे असतात. ग्लिसरीनचा उत्कलनांक २९० अंश, आणि ते हवेतली वाफ शोषून घेते. म्हणून थेंब सुकत नाही. खरे थेंब हवेच्या दवबिंदूवर अवलंबून असतात. टेंभुर्णीच्या एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी गार पेला मुंबईतल्याइतका कधीच घामेजत नाही.

खोट्या खाद्यपदार्थांत आपला सावंतवाडीचा कारागीरही मागे नाही. तेथील लाकडी रंगीत फळे प्रसिद्ध आहेत. आंबा, वांगे यांची साल अपारदर्शक, त्यामुळे रंग आणि चकाकी जमली की डोळा फसतो. द्राक्षात मात्र प्रकाश आत शिरून विखुरतो. ते लाकडात साधणे कठीण. असे पदार्थ मेणात चांगले वठतात, कारण मेणही अर्धपारदर्शक असते.

नितळ म्हणजे निर्मळ नव्हे

आता तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. आरपार बर्फात हवा आणि क्षार कमी असतात, एवढेच सिद्ध होते. रोगजंतू इतके लहान, की थोडेसे असले तर बर्फ तसाच नितळ दिसतो. गोठल्याने ते सगळे मरतही नाहीत. कित्येक नुसते निपचित पडतात आणि बर्फ वितळला की पुन्हा वाढू लागतात.

टेंभुर्णीजवळच्या उजनी जलाशयातले मासे बर्फात भरून दूरवर जातात. मासे टिकवण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असे नाही. पण तो आणि सरबतातला बर्फ डोळ्यांना सारखाच दिसतो. म्हणूनच महाराष्ट्रात २०१८ साली अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आला. रसवंतीत किंवा गोळ्याच्या गाडीवर निळसर लादी दिसली, तर तो बर्फ पोटात घालण्यासाठी नाही. मात्र रंग नाही म्हणून बर्फ चांगलाच, असेही समजू नका. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, तो कशात ठेवला आहे आणि कोणत्या हाताने फोडला जातो आहे, हे विचारा. खात्री नसेल, तर सरबत बिनबर्फाचे घ्या.

विचार करा

१. ॲक्रिलिकचा खडा साखरेच्या घट्ट पाकात तरंगेल का? पाकाची घनता मोजून उत्तर पडताळा.

२. वरील प्रयोगात मध्येच तीन तास वीज गेली, तर बर्फात काय फरक दिसेल?

३. जाहिरातीतली पाच चित्रे जमवा आणि प्रत्येकातला बर्फ खरा की खोटा, ते कारणासह लिहा.